मुक्कामाची गाडी

नॉर्दर्न लाइट्स पाहायला जायचं ठरलं की मराठी घरात आधी नकाशा उघडला जातो. कुठून कुठे किती किलोमीटर, रोज किती तास गाडी चालवायची, वाटेत आणखी काय काय बघून होईल. आमचंही तसंच झालं. कॅनडाच्या वायव्य टोकाला युकॉन आहे. तिथे आरव्ही, म्हणजे झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेलं मोटरहोम, भाड्याने घेऊन फिरायचं होतं. एडमंटनला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने पहिला आराखडा पाठवला. व्हाइटहॉर्सहून डॉसन सिटी, तिथून ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ हायवेने अलास्कात शिरायचं, टोक गाव, फेअरबँक्स आणि अलास्का हायवेने परत व्हाइटहॉर्स. दोन हजार किलोमीटरच्या वर. बघायला आराखडा उत्तम होता, पण रोजचा मुक्काम नव्या गावी. एखाद्या रात्री आकाश झाकोळलेलं निघालं तर दुसऱ्या दिवशी तिथेच थांबायची मुभा त्यात कुठेच नव्हती.

या लेखात मला मुख्यत्वे एवढंच सांगायचं आहे की ध्रुवप्रकाशासाठी, म्हणजे अरोरासाठी, आरव्ही घ्यायची ती थांबण्यासाठी. शहराच्या उजेडापासून दूर, मोकळ्या आकाशाखाली रात्री दोन-अडीचपर्यंत जागता यावं, थंडी वाजली की दार उघडून उबेत शिरता यावं आणि आकाशाने दगा दिला तर उद्याची रात्रही तिथेच काढता यावी, एवढ्यासाठी ही एवढी मोठी गाडी. हॉटेलात राहणारा माणूस अरोरा बघायला बसने नेला जातो आणि ठरल्या वेळी परत आणला जातो. आरव्हीतला माणूस आकाशाखालीच झोपलेला असतो. ती सोय रोज तीनशे-चारशे किलोमीटर पळण्यात घालवायची असेल तर साधी मोटार आणि मोटेल स्वस्त पडेल.

आता महिना कुठला? बहुतेकांच्या डोक्यात अरोरा म्हणजे डिसेंबर आणि बर्फ. पण अरोराला अंधार लागतो, थंडी लागत नाही. युकॉनमध्ये उन्हाळ्यात रात्र अशी होतच नाही. ऑगस्टच्या उत्तरार्धात काळोख परततो आणि एप्रिलपर्यंत टिकतो. या आठ महिन्यांतल्या बहुतेक रात्री आरव्हीच्या उपयोगाच्या नाहीत, कारण गाडीच्या पोटात पाणी असतं. पिण्याचं, सांडपाण्याचं, नळांतलं. व्हाइटहॉर्सच्या हिवाळ्यात पारा उणे वीसच्या खाली जाणं नित्याचं आहे. अशा थंडीत नळ्या फुटतात, म्हणून भाड्याने देणाऱ्या कंपन्या हंगाम संपला की गाड्यांमधलं पाणी काढून त्या उभ्या करून ठेवतात. सरकारी कॅम्पग्राउंडही सप्टेंबरअखेरीस बंद होऊ लागतात.

म्हणजे उरतो तो ऑगस्टचा शेवटचा आठवडा आणि सप्टेंबर. नशिबाने याच काळाला निसर्गाचीही साथ आहे. २२-२३ सप्टेंबरच्या संपाताच्या आसपास पृथ्वीभोवतीची चुंबकीय वादळं वाढतात. सूर्याकडून येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची आणि पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा त्या काळात अशी जुळते की सौरवाऱ्यातली ऊर्जा आत शिरायला वाट मिळते. रसेल आणि मॅकफेरॉन या दोन शास्त्रज्ञांनी १९७३ साली याचं स्पष्टीकरण मांडलं. मार्चच्या संपातालाही हेच घडतं, पण मार्चमध्ये युकॉनात आरव्हीचं नाव काढायची सोय नाही.

तिसरा हिशेब चंद्राचा, आणि तिथे आपलं पंचांग उपयोगी पडतं. पौर्णिमेच्या आसपास मंद अरोरा चांदण्यात विरघळून जातो. म्हणून अमावास्येच्या अलीकडचे पाच-सहा आणि पलीकडचे पाच-सहा दिवस धरायचे. पोळ्याची अमावास्या ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत केव्हाही येते, सर्वपित्री त्यानंतर महिन्याने. यातली जी सप्टेंबरमध्ये पडेल तिच्याभोवती सहल बांधायची. पोळ्याची निवडली तर चारच दिवसांत गणपती बसतात. आमच्या घरी यावर बराच खल झाला. शेवटी धाकट्या दिरांनी गणपती आपल्याकडे बसवायचं कबूल केलं तेव्हा तिकिटं निघाली. दीड दिवसाचा गणपती असलेल्या घरांनी विसर्जन करून निघावं, तेही जमतं. दहा दिवसांचा असेल तर सर्वपित्रीकडे बघावं, मात्र ती ऑक्टोबरात गेली असेल तर त्या वर्षी आरव्हीचा विचार सोडून हॉटेल घ्यावं.

आणि वर्ष? सूर्यावरच्या डागांचं चक्र साधारण अकरा वर्षांचं असतं. सध्याचं पंचविसावं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नासा व नोआ या अमेरिकी संस्थांनी सूर्य कमाल सक्रियतेच्या काळात पोचल्याचं जाहीर केलं. ‘आता ओहोटी लागली, मग जाण्यात अर्थ नाही’ असं अनेक जण म्हणतात. ते खरं नाही. उतरत्या वर्षांत सूर्याच्या प्रभामंडळातली मोठी विवरं दीर्घकाळ टिकतात, त्यांतून वेगवान सौरवारा सुटतो आणि सूर्य स्वतःभोवती फिरत असल्यामुळे तेच विवर साधारण २७ दिवसांनी पुन्हा पृथ्वीसमोर येतं. ऑगस्टमध्ये एखाद्या रात्री चांगला अरोरा झाल्याचं कळलं तर त्यात २७ मिळवून सप्टेंबरमधल्या तारखेवर खूण करायची. खात्री नसते, पण आखणीला आधार मिळतो.

हे सगळं कसं घडतं याचे धागे मुंबई-अलिबागपर्यंत येतात, आणि आपल्याकडे त्याची म्हणावी तशी जाण नाही याचं मला वाईट वाटतं.

१ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज खगोलज्ञाला सूर्यबिंबावर लख्ख ज्वाला दिसली. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर नोंदलेल्या इतिहासातलं एक सर्वांत मोठं चुंबकीय वादळ येऊन आदळलं. कॅरिबियन बेटांपर्यंत लोकांनी अरोरा पाहिला. तारायंत्रं बिघडली. विषुववृत्ताकडच्या प्रदेशात त्या वादळाचा जोर किती होता हे आज आपल्याला कळतं ते मुंबईमुळे. कुलाब्याच्या वेधशाळेत माणसं डोळ्यांनी सुई वाचून हाताने आकडे लिहीत होती. त्या वह्यांमध्ये पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळल्याची नोंद आहे. मुंबईच्या आकाशात काही दिसलं नसेल, पण सुई हलली होती. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असं दिसल्यावर त्या विजेचा मोजमापात अडथळा नको म्हणून नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत ही उपकरणं खाडीपलीकडे अलिबागला नेली. १९०४ पासून अलिबागची चुंबकीय वेधशाळा अखंड नोंदी ठेवते आहे. तिचा कारभार पाहणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था पनवेलला आहे. अलिबागला किनाऱ्यावर घोडागाडीत बसून येणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की युकॉनच्या आकाशात हिरवे पडदे हलतात त्या रात्री इथल्या आलेखाची रेघही हलत असते?

आता तर आपण सूर्याच्या वाटेवरही पहारा बसवला आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेलं आदित्य-एल१ हे यान ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या बिंदूभोवतीच्या कक्षेत पोचलं. त्यावरची ‘सूट’ नावाची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकाने इस्रोच्या साथीने उभी केली आहे. याच बिंदूजवळ अमेरिकेची यानंही आहेत आणि अरोराची ताजी सूचना त्यांच्याकडून येते. सौरवारा सेकंदाला चारशे किलोमीटर वेगाने येत असेल तर यानापासून आपल्यापर्यंत यायला त्याला तासभर लागतो, वेग दुप्पट असेल तर अर्धा तास.

या माहितीचा प्रवाशाला उपयोग असा. केपी नावाचा शून्य ते नऊ असा एक निर्देशांक असतो आणि सगळे त्याच्या मागे लागतात. तो सबंध पृथ्वीचा, तीन-तीन तासांचा गोळाबेरीज आकडा आहे. व्हाइटहॉर्ससारख्या ठिकाणी केपी दोन-तीन असला तरी उत्तरेला अरोरा दिसू शकतो, कारण ध्रुवाभोवतीचं अरोराचं कडं तिथून जवळच असतं. त्यापेक्षा ‘बीझेड’ बघावं, म्हणजे सौरवाऱ्यासोबत येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण कल. तो दक्षिणेकडे, म्हणजे उणे झाला आणि बराच वेळ तसाच राहिला की कपडे चढवून बाहेर यावं. मोठ्या वादळांची वाट बघून सहल आखता येत नाही. १० मे २०२४ ला वीस वर्षांहून अधिक काळातलं पहिलं जी-५ श्रेणीचं वादळ आलं आणि लडाखमधल्या हानलेच्या वेधशाळेतूनही आकाश लाल झालेलं टिपलं गेलं. युकॉनमध्ये मे महिन्यात रात्र जेमतेम अंधारते. त्या दिवशी हानलेचा माणूस युकॉनच्या माणसापेक्षा भाग्यवान होता.

गाडीकडे वळते. चोवीस-पंचवीस फुटांची आरव्ही म्हणजे लांबीला टेम्पो ट्रॅव्हलर, पण उंची साडेतीन मीटरच्या आसपास. लिटरला चार-पाच किलोमीटर जाते. भाड्याचा आकडा जाहिरातीत दिसतो तेवढाच नसतो. ठरावीक किलोमीटरच्या पुढे दर किलोमीटरला वेगळे पैसे, अंथरूण-पांघरूण आणि भांड्यांचे वेगळे, जनरेटरच्या तासांचे वेगळे. खडीच्या रस्त्यावर गाडी न्यायला अनेक कंपन्यांची बंदी असते आणि काचेवर खडा उडून तडा गेला तर तो विम्यात धरलेला नसतो. करारातली ही कलमं ओळ न ओळ वाचावीत. लांबचं विमान करून उतरलेल्या माणसाला त्याच दिवशी गाडी ताब्यात न देण्याचाही अनेक कंपन्यांचा नियम आहे, आणि तो योग्य आहे. मुंबईहून निघून व्हँकुव्हरमार्गे व्हाइटहॉर्सला उतरलेला माणूस तारवटलेला असतो. पहिली रात्र हॉटेलातच धरावी. आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना आपल्या आरटीओतून आधी काढून ठेवावा. अलास्कात पाऊल टाकायचं तर अमेरिकेचा व्हिसा वेगळा लागतो, आणि टॉप ऑफ द वर्ल्ड हायवेवरचं सीमाठाणं सप्टेंबरच्या मध्यापासून बंद होतं. मावसभावाचा पहिला आराखडा बाद करायला ही दोन कारणंही पुरेशी होती.

गाडी ताब्यात घेताना कंपनीचा माणूस तासभर सगळं समजावतो आणि त्यातलं निम्मं आपण विसरतो. म्हणून मोबाइलवर चित्रण करून ठेवावं, विशेषतः सांडपाण्याचं. गाडीखाली दोन टाक्या असतात, एक मोरी आणि बेसिनच्या पाण्याची, दुसरी संडासाची. दर दोन-तीन दिवसांनी डंप स्टेशनवर जाऊन त्या रिकाम्या कराव्या लागतात. जाड रबरी हातमोजे घालायचे, सोंडेसारखा घडीचा पाइप गाडीच्या तोंडाला फिरवून घट्ट बसवायचा, दुसरं टोक जमिनीतल्या भोकात घालून त्यावर पाय ठेवायचा आणि आधी संडासाच्या टाकीचा दांडा ओढायचा. ती पुरती रिकामी झाली की मगच मोरीची टाकी सोडायची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. क्रम उलटा केला की पुढच्या मुक्कामापर्यंत वासाची सोबत. सोबत आलेल्या मावशीला या कामाची सर्वांत धास्ती होती. प्रत्यक्षात दुसऱ्या खेपेपासून तीच बाहेर उभी राहून सूचना देत होती, ‘अरे, पाय दाब आधी, मग ओढ.’

स्वयंपाकाचंही सांगायला हवं. आरव्हीत प्रोपेनची शेगडी असते आणि डोक्यावर दीड हातावर धुराचा भोंगा. मोहरी तडतडली, हिंग-हळद पडली की भोंगा गाडी डोक्यावर घेतो. फोडणी करायची तर पंखा चालू, छताची झडप उघडी, दार उघडं. त्याहून मोठा त्रास वाफेचा. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की सगळ्या काचांना घाम फुटतो, रात्री तो गोठतो आणि पहाटे ज्या खिडकीतून आकाश बघायचं तिच्यावर आतून बर्फाची जाळी. आम्ही रात्रीचं जेवण दिवस असतानाच, बाहेरच्या चुलीजवळ करायला लागलो. युकॉनच्या सरकारी कॅम्पग्राउंडवर जळाऊ लाकूड मुक्कामाच्या शुल्कातच मिळतं. पातेल्यात मुगाची खिचडी, वर मेतकूट आणि तूप. जेवण झालं की खरकटं, मसाल्याचा डबा, अगदी दात घासायची पेस्टसुद्धा गाडीत आणि दार बंद. अस्वलं असतात. अस्वल दूर ठेवायचा फवारा विमानातून नेता येत नाही, तो व्हाइटहॉर्सला विकत घ्यायचा.

थांबायचं म्हटलं की एक अडचण येतेच आणि ती लपवण्यात अर्थ नाही. या कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी नसते. उबेसाठी प्रोपेन जळतो खरा, पण ती ऊब पसरवणारा पंखा बॅटरीवर चालतो. गाडी हलली नाही तर दुसऱ्या रात्री पहाटे बॅटरी मान टाकते आणि सगळे कुडकुडत उठतात. उपाय सोपा आहे. दुपारी दीड-दोन तास जनरेटर चालवून बॅटरी भरून घ्यायची. रात्री शांततेचे तास सुरू झाले की जनरेटर लावणं शेजाऱ्यांवर अन्याय आहे. पारा शून्याखाली जायची चिन्हं असली तर बेसिनखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवायची, म्हणजे नळ्यांना ऊब लागते, आणि बाहेरची पाण्याची नळी रिकामी करून आत घ्यायची.

मग जायचं कुठे? पॅसिफिकवरून येणारे ढग सेंट एलायस पर्वतरांगेला अडतात. त्या रांगेत कॅनडातलं सर्वोच्च शिखर आहे, ५,९५९ मीटरचं माउंट लोगन. घाटमाथ्याच्या पूर्वेला माणदेश कोरडा का, हे ज्याला ठाऊक आहे त्याला व्हाइटहॉर्सचा परिसर कोरडा का हे वेगळं सांगायला नको. तरी ढग येतातच. म्हणून दोन दिशा हाताशी ठेवायच्या. पश्चिमेला अलास्का हायवेने हेन्स जंक्शन आणि पुढे क्लुएन तळं, उत्तरेला क्लॉन्डाइक हायवेने लबार्ज तळं, फॉक्स तळं आणि त्याच्याही पुढे डॉसनचा रस्ता. सकाळी हवामानखात्याचा ढगांचा नकाशा बघायचा आणि जिकडे मोकळं तिकडे, पण दुपारपर्यंत पोचायचं. रात्री अरोराच्या मागे गाडी पळवायची नाही. रस्त्यावर मूस येतो, पाच-सहाशे किलोचं हे हरीण दिव्यांच्या उजेडात दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. उजेड असताना पोचायचं, होकायंत्र काढून उत्तर बघायची, कुठली झाडं आड येतात ते हेरायचं आणि तळ्याच्या काठापर्यंतची पायवाट एकदा चालून ठेवायची.

क्लुएन तळ्याचा काठ मला सर्वांत आवडला. हायवे तळ्याच्या नैर्ऋत्य काठाने जातो, त्यामुळे समोर, उत्तर-पूर्वेला, सगळं पाणी आणि आकाश. इथल्या काँग्डन क्रीक कॅम्पग्राउंडवर सोपबेरीची झुडपं आहेत, ती खायला ग्रिझली अस्वलं येतात, म्हणून तंबूंवर निर्बंध असतात. पत्र्याच्या गाडीचा इथे फायदा होतो. या तळ्याची एक गोष्ट मनाला लागून राहिली. २०१६ च्या वसंतात कास्कावुल्श हिमनदी मागे सरल्यामुळे तिचं वितळलेलं पाणी अचानक दुसऱ्या नदीकडे वळलं. जे पाणी शतकानुशतकं या तळ्यातून युकॉन नदीमार्गे बेरिंग समुद्राला मिळत होतं ते आता दक्षिणेला पॅसिफिककडे जातं. तळ्याला मिळणाऱ्या नदीचं पात्र उघडं पडलं आहे आणि वारा सुटला की त्यातून पिठासारखी धूळ उठते. तिथे दुपारी उभं राहिलं की हवामानबदल हा शब्द वेगळ्या तऱ्हेने कळतो.

क्लुएनच्या पुढे अलास्काच्या सीमेकडे जाऊ नये असं मी सांगेन. खाली कायम गोठलेली जमीन आहे, ती वितळते-फुगते आणि डांबरी रस्त्याच्या लाटा होतात. आरव्हीतली भांडी कपाटांतून बाहेर येतात. हा हायवे १९४२ साली युद्धाच्या निकडीने अमेरिकी लष्कराने काही महिन्यांत कापून काढला आणि त्या सैनिकांपैकी जवळपास एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते. वर्णभेदाच्या काळात उणे तापमानात तंबूंमध्ये राहून त्यांनी तो बांधला. आपण आज त्यावरून खिचडीची पातेली घेऊन जातो तेव्हा त्यांची आठवण ठेवणं मला आवश्यक वाटतं.

डॉसनच्या अलीकडून डेम्पस्टर हायवे फुटतो. तो इनुविकपर्यंत सातशेहून अधिक किलोमीटर खडीचा आहे. त्याच्या एकाहत्तराव्या किलोमीटरजवळ टूम्बस्टोन उद्यानाचा कॅम्पग्राउंड आहे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथला टुंड्रा लाल-केशरी होतो. हे ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांचं परंपरागत क्षेत्र. कंपनीने लेखी परवानगी दिली तरच तिथपर्यंत आरव्ही न्यावी.

आता रात्रीचं वेळापत्रक. युकॉनने २०२० पासून घड्याळ मागे-पुढे करणं बंद केलं आहे. परिणामी तिथली खरी मध्यरात्र घड्याळात दोनच्या सुमारास येते. सप्टेंबरच्या मध्यात सूर्य सव्वाआठला मावळतो आणि संधिप्रकाश अडीच तास रेंगाळतो, कारण सूर्य क्षितिजाखाली सरळ न उतरता तिरका घसरत जातो. आमच्यासोबत आलेल्या काकांनी टिळकांचं १९०३ सालचं ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ वाचलेलं होतं. वेदांतल्या दीर्घ उषेवरून टिळकांनी आर्यांचं मूळ घर ध्रुवप्रदेशात असल्याचा तर्क केला होता. तो तर्क आज विद्वान मानत नाहीत. पण तळ्याकाठी त्या न संपणाऱ्या संध्याकाळी काका म्हणाले, ‘पुण्यात बसून त्यांना या उजेडाची कल्पना यावी, हेच केवढं आहे.’

म्हणजे पुरता काळोख अकराला. दहा वाजता बाहेर येऊन ‘काही नाही’ म्हणत झोपायला जाणारी मंडळी आम्ही रोज बघत होतो. जेवून दोन-तीन तास झोप काढावी, अकराला उठावं आणि आळीपाळीने पहारा द्यावा. आरव्हीचे सगळे दिवे बंद. दार उघडलं की आपोआप लागणारा पायरीचा दिवासुद्धा, कारण तो शेजारच्या दहा जणांच्या डोळ्यांचा अंधार घालवतो. फ्रिजच्या लाल ठिपक्यावर काळी चिकटपट्टी.

आधी उत्तरेला डोंगरावर एक फिकट कमान दिसते. ती ढगासारखी करडी असते. मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत, कॅमेऱ्याला कळतात. मोबाइल दगडावर टेकवून काही सेकंदांचा फोटो घेतला आणि त्यात हिरवा आला तर तो अरोरा. ही कमान तास-तासभर तशीच राहू शकते. मग तिची खालची कड उजळते, तिच्यात उभ्या रेघा पडतात आणि काही मिनिटांत सगळं आकाश हलू लागतं. पडदे डोक्यावर येतात, त्यांच्या खालच्या काठाला गुलाबी किनार धावते आणि नेमकं माथ्यावर सगळे किरण एका बिंदूतून फुटल्यासारखे दिसतात. त्या वेळी रंग डोळ्यांनाही दिसतो, शंभर टक्के दिसतो. हिरवा सुमारे शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा, गुलाबी त्याच्या खालच्या नायट्रोजनचा. लाल रंगही ऑक्सिजनचाच, पण दोनशे किलोमीटरच्या वरचा. तो प्रकाश सोडायला अणूला जवळपास दोन मिनिटं लागतात आणि खालच्या दाट हवेत तेवढ्या वेळात दुसऱ्या कणाची टक्कर बसून ती ऊर्जा निघून जाते, म्हणून लाल फक्त विरळ हवेत.

मावशी खुर्चीत ब्लँकेट गुंडाळून बसली होती. ती काही बोलली नाही, तिने फक्त हात जोडले. काकांनी आनंदाने शीळ घातली तेव्हा शेजारच्या गाडीतल्या स्थानिक बाईंनी हसत बोटाने खूण केली, नको. उत्तरेकडच्या अनेक आदिवासी समाजांत अरोराकडे बघून शीळ घालू नये असं लहानपणापासून सांगतात. काकांनी लगेच हात वर करून माफी मागितली.

दहा-वीस मिनिटांत सगळं विझतं, आणि इथेच बहुतेक लोक समाधानाने झोपायला जातात. जाऊ नये. फेअरबँक्सच्या स्युन-इची आकासोफू यांनी १९६४ साली या घटनेचा क्रम मांडला. सूर्याची ऊर्जा पृथ्वीच्या रात्रीकडच्या चुंबकीय शेपटीत साठते, ताण असह्य झाला की सुटते, मग पुन्हा साठू लागते. त्यामुळे एका रात्रीत असे दोन-तीन उद्रेक होऊ शकतात, मध्ये दोन-तीन तासांची उसंत ठेवून. पहिला झाला की आत जाऊन चहा करावा, बीझेड बघावं आणि पुन्हा पहारा लावावा. थंड कॅमेरा मात्र उबेत आणताना पिशवीत बंद करूनच आणावा, नाहीतर भिंगावर दव धरतं आणि दुसरा उद्रेक धूसर निघतो.

कोणी मला आराखडा मागितला तर मी नऊ रात्रींचा असा देते. पहिली हॉटेलात. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन किराणा, प्रोपेन, फवारा आणि जवळच लबार्ज तळ्यावर मुक्काम. गाडीत काय चालत नाही ते कळायला शहर जवळ हवं. मग क्लुएनला सलग तीन रात्री. पाचव्या सकाळी ढग बघून ठरवायचं, तिथेच राहायचं की उत्तरेला वळायचं. त्यानंतरच्या तीन रात्री मोकळ्या, कुठलंही आरक्षण न करता. सप्टेंबरमध्ये मोसमी पेट्रोलपंप बंद होऊ लागतात, म्हणून टाकी अर्ध्यावर आली की भरायचीच. फोनला रेंज गावातच मिळते. नकाशे आधी उतरवून घ्यावेत आणि घरच्यांना सांगून ठेवावं की दोन दिवस निरोप आला नाही तर घाबरू नका. शेवटची रात्र फॉक्स तळ्यावर, कारण तिथून शहर तासाभरावर आहे. सकाळी लवकर निघून टाक्या रिकाम्या करायच्या, इंधन भरायचं, गाडी झाडून पुसून द्यायची आणि काचेवरच्या खड्यांच्या खुणा कंपनीच्या माणसासोबत उभं राहून मोजून घ्यायच्या. एवढ्या सगळ्यात मिळून हजार-बाराशे किलोमीटर होतात, आणि सात-आठ रात्री काळोख्या आकाशाखाली.